जास्त साठवलं म्हणून दंड?

न्यू जर्सीहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्या ३९ वर्षांच्या, नवरा ४२ चा, दोघंही नोकरी करणारे. काही वर्षांपूर्वी ग्रीन कार्ड मिळालं. २०१९ पासून त्यांच्या रॉथ आयआरए या निवृत्तीसाठीच्या बचत खात्यात दरमहा पैसे आपोआप जातात. अलीकडे ती रक्कम महिना ५८३ डॉलर, म्हणजे वर्षाला ७,००० होते. २०२५ चं टॅक्स रिटर्न भरायला बसल्यावर सॉफ्टवेअरनं सांगितलं की तुम्हा दोघांचं मिळून उत्पन्न २ लाख ५८ हजार आहे, त्यामुळे रॉथमधले सगळे ७,००० जादा ठरतात आणि त्यावर ६ टक्के कर लागेल. घाबरून त्यांनी २०२४ च्या डिसेंबरच्या पे-स्लिप काढल्या. त्यांवरची बेरीज २ लाख ६८ हजार निघाली. म्हणजे तेव्हाही चुकलंच होतं, असं त्यांनी धरलं आहे. नवरा म्हणतो, "राहू दे. कोण विचारतंय? काही वर्षांनी पुण्याला परत जायचंच आहे, तेव्हा बंद करू खातं." दीर म्हणतात, आत्ताच सगळं खातं मोडून मोकळे व्हा. पत्रात जाता जाता आणखी दोन गोष्टी आल्या आहेत. नवऱ्यानं ऑगस्टमध्ये जास्त पगाराची नोकरी धरली, पण ४०१(के) मध्ये, म्हणजे पगारातून कापून भरायच्या निवृत्ती योजनेत, खंड पडू दिला नाही: जुन्या कंपनीत १५,००० भरले होते, नव्या कंपनीत डिसेंबरपर्यंत १२,०००. आणि बाईंच्या स्वतःच्या जुन्या नोकरीतले ६३,००० डॉलर एका रोलओव्हर आयआरएमध्ये (जुन्या कंपनीच्या योजनेतून हलवलेले पैसे ठेवायचं खातं) पडून आहेत. शेवटी त्या विचारतात: "बचत कधी वाया जात नाही, हे आईवडिलांनी शिकवलं. आता बचत केली म्हणून गुन्हेगार ठरायचं का? नागरिकत्वाच्या अर्जात हे आडवं येईल का?"

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या 'गुन्हेगार' शब्दाचं बघू, कारण तुमची झोप त्यानंच उडवलेली दिसते. मर्यादेपेक्षा जास्त पैसे रॉथमध्ये गेले तर कायदा त्यावर दर वर्षी ६ टक्के कर लावतो. तो फॉर्म ५३२९ वर मोजायचा, १०४० या मुख्य रिटर्नसोबत भरायचा, की झालं. त्यात कुणी तुमच्या हेतूची चौकशी करत नाही. रॉथमधली वाढ म्हातारपणी करमुक्त मिळते, म्हणून १९९८ मध्ये ही खाती सुरू झाली तेव्हापासूनच दोन कुंपणं आहेत: वर्षाला किती भरायचं आणि किती उत्पन्नापर्यंत भरायचं. तुम्ही पहिल्या कुंपणाच्या आत आहात. दुसरं ओलांडलं गेलं, कारण पगार वाढला आणि महिन्याची कपात चालू राहिली. आईवडिलांची शिकवण कुठेही खोटी ठरलेली नाही. पैसे साठवा, फक्त या एका खात्यात त्या वर्षी नको, एवढंच इथलं म्हणणं आहे.

आता घाईचं. तुमचा सगळा घोर रॉथबद्दल आहे, पण तारीख जवळ आली आहे ती तुमच्या यजमानांच्या ४०१(के) ची. २०२५ मध्ये पन्नाशीच्या आतल्या माणसाला पगारातून ४०१(के) मध्ये २३,५०० डॉलर टाकता येत होते. ही मर्यादा माणसागणिक आहे, कंपनीगणिक नाही. जुन्या कंपनीला नव्या कंपनीचे आकडे दिसत नाहीत आणि नवीला जुन्या कंपनीचे. दोघींनी आपापल्या परीनं बरोबरच कापलं, आणि बेरीज झाली २७,०००. म्हणजे ३,५०० जादा. ते आणि त्यांच्यावरची वाढ १५ एप्रिलपर्यंत प्लॅनमधून बाहेर यायला हवी. रिटर्नला मुदतवाढ घेतली तरी ही तारीख पुढे सरकत नाही, आणि बरेच प्लॅन कागद करायला वेळ हवा म्हणून त्याआधीचीच तारीख ठरवतात. तारीख चुकली तर हे ३,५०० एकदा २०२५ च्या उत्पन्नात धरले जातील आणि निवृत्तीनंतर काढताना पुन्हा करपात्र होतील. एकाच पैशावर दोनदा कर! तेव्हा यजमानांना या आठवड्यातच नव्या कंपनीच्या प्लॅनला फोन करायला सांगा. दोन्ही डब्ल्यू-२, म्हणजे कंपन्यांनी दिलेले वर्षाच्या पगाराचे कागद, हाताशी ठेवायचे (चौकट १२ मध्ये 'डी' अक्षरापुढे हा आकडा असतो) आणि म्हणायचं: दोन कंपन्यांमुळे माझी वार्षिक मर्यादा ओलांडली गेली आहे, जादा रक्कम परत हवी. हे त्यांच्याकडे रोजचं काम असतं.

परत आलेले ३,५०० हे २०२५ चा पगार म्हणून रिटर्नमध्ये दाखवायचे. त्यावरची वाढ मात्र ज्या वर्षी हातात येते त्या वर्षीची, म्हणजे २०२६ ची. याचा एक उपपरिणाम असा की २०२५ चं तुमचं उत्पन्न २ लाख ५८ हजारांऐवजी २ लाख ६१ हजार ५०० होईल. तुमच्या रॉथच्या हिशेबात त्यानं फरक पडत नाही, कारण २०२५ साठी जोडप्याची वरची मर्यादा २ लाख ४६ हजार होती आणि तुम्ही आधीच तिच्या पलीकडे आहात. पण ज्यांचं उत्पन्न २ लाख ३६ ते २ लाख ४६ हजारांच्या पट्ट्यात येतं, त्यांनी आधी ४०१(के) निस्तरावं आणि मगच रॉथ मोजावं. या पट्ट्यात मर्यादा हळूहळू घटत जाते. २ लाख ४१ हजार असेल तर ७,००० पैकी निम्मे, ३,५०० चालतात.

२०२४ बद्दल मला तुमच्या गृहीतकावर शंका आहे. पगार वाढवून घेऊन नोकरी बदलली, तरीही २०२५ चं उत्पन्न २०२४ पेक्षा दहा हजारांनी कमी कसं? कारण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत. २०२५ चा आकडा सॉफ्टवेअरनं काढलेलं समायोजित, म्हणजे ठरावीक वजावटी काढून उरलेलं, उत्पन्न आहे. २०२४ चा आकडा पे-स्लिपवरचा ढोबळ पगार आहे, त्यातून काहीच वजा झालेलं नाही. रॉथची मर्यादा समायोजित उत्पन्नावर बघतात. तुम्ही दोघांनी २०२४ मध्ये नेहमीच्या, करपूर्व ४०१(के) मध्ये पूर्ण २३,००० भरले असतील, तर ४६,००० इथेच गेले आणि उरले २ लाख २२ हजार. आरोग्य विम्याचे हप्ते आणि एचएसए (आरोग्य खर्चासाठीचं बचत खातं) असेल तर आणखी थोडे कमी, बँकेचं व्याज आणि लाभांश असतील तर थोडे जास्त. २०२४ साठी जोडप्याला पूर्ण रॉथ भरायची मुभा २ लाख ३० हजारांपर्यंत होती. म्हणजे २०२४ मध्ये तुमचं काही चुकलंच नसेल, अशी बरीच शक्यता आहे.

म्हणून आज रात्री २०२४ चं रिटर्न उघडा आणि १०४० ची ११ वी ओळ वाचा. तिथला आकडा २ लाख ३० हजारांच्या आत असेल तर २०२४ विसरून जा. २ लाख ३० ते २ लाख ४० हजारांच्या मध्ये असेल तर रकमेचा काही भागच जादा. ४०१(के) तला पैसा तुम्ही रॉथ प्रकारात भरत असाल तर तो पगारातून वजा होत नाही, आणि मग आकडा २ लाख ४० हजारांच्या वर जाऊन सगळेच ७,००० जादा ठरू शकतात.

वाईटात वाईट धरून चालू. २०२४ चे सगळे ७,००० जादा निघाले तर २०२४ साठी ४२० डॉलर, आणि ते ३१ डिसेंबर २०२५ ला खात्यातच होते म्हणून २०२५ साठी आणखी ४२०. २०२४ चा फॉर्म ५३२९ त्या वर्षीच्या छापील नमुन्यावर आत्ताही स्वतंत्र पाठवता येतो. थोडं व्याज लागेल. २०२५ चा फॉर्म या रिटर्नसोबतच जाईल. आणि हे ७,००० तुम्ही ३१ डिसेंबर २०२६ च्या आत काढून घेतलेत, की २०२६ साठी काही नाही. २०२४ ची दुरुस्तीची मुदत गेल्या ऑक्टोबरात संपली असल्यामुळे, ऐकायला विचित्र वाटेल, पण इथे फक्त मूळ रक्कम काढायची असते, वाढ खात्यातच राहते. स्वतः भरलेली मूळ रक्कम रॉथमधून काढण्यावर कर नाही. ही ६ टक्के आकारणी माफ करा अशी विनंती करणारं पत्र लिहिण्यात मात्र वेळ घालवू नका. सक्तीची वार्षिक रक्कम काढायला विसरलेल्या ज्येष्ठांना दंडमाफीची सोय कायद्यात आहे, जादा भरण्याला ती नाही.

आता २०२५ चे ७,०००. इथे मुदत शिल्लक आहे आणि म्हणून ६ टक्के पूर्ण टळू शकतात. साधा मार्ग असा: ज्या ब्रोकरेजकडे खातं आहे त्यांच्याकडून 'जादा भरणा काढून घेणे' या नावाचा अर्ज घ्यायचा, वर्ष २०२५ लिहायचं, आणि ७,००० अधिक त्यावरची वाढ परत घ्यायची. वाढ किती हे तेच मोजून देतात, आणि बाजार पडलेला असेल तर ७,००० पेक्षा कमीही हातात येतात, ते चालतं. फक्त वाढीवर तुम्हाला २०२५ चं उत्पन्न म्हणून कर भरावा लागेल. जुन्या लेखांमधून तुम्ही वाचलं असेल की या वाढीवर वर आणखी १० टक्के दंड पडतो. २०२२ च्या अखेरीस झालेल्या कायद्यानं तो काढून टाकला आहे.

मुदत १५ एप्रिल, आणि मुदतवाढ घेतली तर १५ ऑक्टोबर. मुदतवाढ न घेता रिटर्न वेळेवर भरलं असेल तरीही १५ ऑक्टोबरपर्यंत पैसे काढून सुधारित रिटर्न भरता येतं. त्याच्या वरच्या बाजूला कलम ३०१.९१००-२ खाली भरत असल्याचं लिहावं लागतं. तुमचं रिटर्न अजून गेलेलं नाही, तेव्हा पैसे आधी काढा, वाढीचा आकडा मिळवा आणि तो घालूनच रिटर्न भरा. एकाच वेळी मिटतं.

दुसरा मार्ग तुमच्या ओळखीतल्या कुणीतरी सुचवलाच असेल, कारण आपल्या लोकांत तो फार चर्चेत असतो: रॉथमधला भरणा पारंपरिक आयआरएमध्ये (जिथे पैसे काढताना कर लागतो) भरल्यासारखा धरून घ्यायचा आणि मग तिथून रॉथमध्ये फिरवायचा, ज्याला सगळे बॅकडोअर म्हणतात. अनेकांसाठी हा उत्तम आहे. तुमच्यासाठी आत्ता नाही, आणि त्याचं कारण आहे ते पडून असलेले ६३,०००. पारंपरिक, रोलओव्हर, जितकी आयआरए खाती असतील ती सगळी कायदा एकच धरतो. त्यात तुमचे कर भरून झालेले ७,००० मिसळले की एकूण ७०,००० पैकी फक्त दहावा हिस्सा करमुक्त. म्हणजे ७,००० फिरवले तर त्यातल्या ६,३०० वर तुम्हाला पुन्हा कर. ही गोष्ट बऱ्याच जणांना फॉर्म ८६०६ भरताना कळते, आणि तोवर फिरवलेलं परत उलटवता येत नाही. २०१८ पासून ती सोय बंद झाली आहे.

ते ६३,००० तुमच्या सध्याच्या कंपनीच्या ४०१(के) मध्ये हलवता येतात का, हे एचआरला विचारा. बऱ्याच कंपन्या घेतात. ते पैसे वर्षअखेरच्या आत तिकडे गेले, तर पुढच्या वर्षांसाठी हा मागचा दरवाजा तुम्हालाही खुला होईल. माझं मत असं, की २०२५ चे ७,००० सरळ काढून घ्या, साध्या ब्रोकरेज खात्यात तेच फंड घेऊन ठेवा, आणि हलवाहलवीचं काम उन्हाळ्यात शांतपणे करा. एप्रिलच्या गर्दीत दोन्ही गोष्टी एकदम करायला गेलं की कागद चुकतात. या एका मुद्द्यापुरता एखाद्या सीपीएचा, म्हणजे परवानाधारक हिशेबनिसाचा, तासभर विकत घ्यावा, असं मी म्हणेन.

पण या सगळ्याच्या आधी आज एक करा. दरमहाची आपोआप कपात थांबवा. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यात अर्थ नसतो. जानेवारीपासूनचे तीन हप्ते, सुमारे १,७५० डॉलर, २०२६ च्या नावे गेलेच आहेत. २०२६ ची जोडप्याची मर्यादा २ लाख ४२ ते २ लाख ५२ हजार आहे, आणि तुमचं उत्पन्न त्याखाली उतरेल असं दिसत नाही. ते हप्तेही त्याच दिवशी, पण वेगळ्या अर्जावर २०२६ असं वर्ष लिहून परत मागा. प्रत्येक वर्षाचा अर्ज वेगळा, हे ब्रोकरेजच्या माणसाला फोनवर दोनदा सांगा. सगळं एकत्र करून एका अर्जावर काढलं तर कुठल्या वर्षाची वाढ मोजायची आणि कुठल्या वर्षाची नाही, याचा घोळ होतो आणि निस्तरायला पुढचं वर्ष जातं.

यजमानांचं "कोण विचारतंय" मला समजतं. आकडा लहान आहे, कटकट मोठी. पण विचारणाऱ्याकडे कागद आधीच आहे: ब्रोकरेज दर वर्षी मे अखेरपर्यंत फॉर्म ५४९८ आयआरएसला, म्हणजे कर खात्याला, पाठवते आणि त्यात तुमच्या भरण्याचा आकडा असतो. उत्पन्न तुमच्या रिटर्नवर असतं. दोन्ही त्यांच्याच संगणकात. मूळ रिटर्न भरल्यापासून सहा वर्षांपर्यंत ते या कराची मागणी करू शकतात, व्याजासकट. आणि ७,००० न काढता ठेवले तर ४२० दर वर्षी पुन्हा लागतात. पाच वर्षांत २,१००, तेही एकाच वर्षाच्या भरण्यावर. त्यांना हे भांडणाच्या सुरात सांगू नका. दोघांच्या वह्या वर्षातून एकदाही समोरासमोर आल्या नाहीत, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. त्यांचा ४०१(के) चा घोळही त्यातूनच झाला आहे. दोघांच्या बाजूला एकेक गाठ आहे, तेव्हा कुणीच कुणाला बोलायचं कारण नाही. फॉर्म ५३२९ मात्र ज्याचं खातं त्याचा. जोडीनं रिटर्न भरलं तरी तो तुमच्या एकटीच्या नावे जाईल.

दिरांचा सल्ला प्रेमापोटी असेल, पण तो घेऊ नका. २०१९ पासूनचा बहुतेक सगळा भरणा नियमात आहे. सगळं खातं मोडलंत तर इतक्या वर्षांच्या वाढीवर कर आणि साडेएकोणसाठच्या आत काढल्याबद्दल वर १० टक्के, असा खरा दंड स्वतःहून ओढवून घ्याल. हजारभर डॉलरची चूक सुधारताना कित्येक वर्षांची करमुक्त वाढ हातची जाईल.

नागरिकत्वाच्या अर्जात, एन-४०० मध्ये, तुमच्यावर थकीत कर आहे का, असा प्रश्न असतो. मोजून, फॉर्म भरून, पैसे दिले की थकीत काहीच राहत नाही. माहीत असून झाकून ठेवलं तर मात्र त्या प्रश्नाला "नाही" लिहिताना तुमचा हात थांबेल. तुमच्या भीतीचं उत्तर खातं लपवण्यात नाही, ५३२९ भरण्यात आहे.

तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठी दोन गोष्टी इथेच लिहिते. एक, ज्यांचं उत्पन्न आरएसयू (कंपनी पगाराचा भाग म्हणून देते ते शेअर) किंवा बोनसमुळे वरखाली होतं, त्यांनी रॉथचे पैसे वर्षभर साध्या खात्यात साठवावेत आणि वर्ष संपल्यावर, जानेवारी ते १५ एप्रिलच्या दरम्यान, उत्पन्नाचा पक्का आकडा हातात घेऊन एकदम भरावेत. आरएसयू न विकताही ज्या दिवशी व्हेस्ट होतात, म्हणजे तुमच्या मालकीचे होतात, त्या दिवशी पगारात धरले जातात, हे डिसेंबरपर्यंत अनेकांच्या लक्षात येत नाही. एप्रिलपर्यंत भरताना कोणत्या वर्षासाठी, ते स्पष्ट निवडा. आणि वर्षाच्या मध्यात नोकरी बदलली तर पहिल्याच आठवड्यात नव्या पेरोलला सांगा की जुन्या ठिकाणी इतके भरून झाले आहेत.

दुसरी गोष्ट नवविवाहितांसाठी. बायको भारतातून नुकतीच आली, तिचा टॅक्स नंबर अजून नाही, म्हणून "या वर्षी वेगवेगळं भरू" असं ठरवून बरेच तरुण विवाहित-पण-स्वतंत्र अशी खूण करतात. वर्षात एक दिवसही एकत्र राहिले असतील तर त्या खुणेनं रॉथची मर्यादा अवघ्या १०,००० डॉलर उत्पन्नावर येते, म्हणजे जवळजवळ कुणालाच भरता येत नाही. पगार लाखाचा असला तरी वर्षभरातला सगळा भरणा जादा ठरतो. नियमात बसत असेल तर बायकोला रहिवासी धरून जोडीनं रिटर्न भरण्याचा पर्याय आहे. त्यात तिचं भारतातलं उत्पन्नही दाखवावं लागतं, पण रॉथ वाचतं, आणि तिला नोकरी नसली तरी तिच्या नावानंही आयआरएमध्ये भरता येतं.

मैत्रिणी, शेवटी एका कागदाबद्दल. २०२५ चे पैसे तुम्ही या एप्रिलमध्ये काढलेत तर त्याचा १०९९-आर, म्हणजे काढलेल्या पैशांची नोंद असलेला कागद, तुम्हाला जानेवारी २०२७ मध्ये येईल, आणि त्यावर 'पी' आणि 'जे' अशी अक्षरं असतील. 'पी' चा अर्थ ही वाढ आधीच्या वर्षाच्या उत्पन्नात धरायची, आणि ती तुम्ही २०२५ च्या रिटर्नमध्ये आधीच धरलेली असेल. यजमानांच्या ४०१(के) च्या परताव्याचेही असेच कागद येतील. तेव्हा सॉफ्टवेअर पुन्हा काहीतरी विचारेल. म्हणून आत्ताच २०२५ च्या फाइलमध्ये एका पानावर लिहून ठेवा: किती काढले, वाढ किती होती, कुठल्या ओळीत दाखवली. आणि प्लॅनला करायचा तो फोन उद्या सकाळी होऊ द्या, कारण बाकी सगळ्याला ऑक्टोबरपर्यंत अवधी मिळू शकतो, त्याला नाही.